विधुर मोजे

१४ नोव्हेंबर

जीभ सैल सुटली आणि अडकलो.

चहाच्या सुट्टीत मेट्रन सांगत होती, नाताळाला या वर्षीही प्रत्येक दाराच्या मुठीला मोजा अडकवायचा, आत साबणाची वडी. मी म्हणालो, इथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ आपणच घालतो, मग साबण त्यांना कशाला? हसू येईल असं काहीतरी टाका की. मेट्रनने चष्म्यावरून पाहिलं. म्हणाली, मग तूच भर. भरतो म्हणालो. कशाने? — विणून! क्रोशाने!

आचारी एवढा हसला की चहा नाकात गेला. म्हणे, याने आजवर एक काम पुरं केलेलं कुणी पाहिलंय का, आणि हा अख्ख्या वृद्धाश्रमाला विणून घालणार.

तो खोटं बोलत नाही. शाळा सातवीत सोडली. गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, ट्रकवरचं क्लिनरचं काम सोडलं. घरापासून इतक्या लांब येऊन हे धुलाईघर धरलंय, तेही कधी सोडतो असं झालंय. आणि क्रोशा मला येत नाही. आई करायची ते पाहिलंय, तेवढंच.

पण आता बोललोय.

१५ नोव्हेंबर

मोज्यांची चिंता नाही. मशीन धुता धुता एखादा मोजा गिळतं, जोडीदार मागे राहतो. असे सगळे विधुर मोजे मी एका खोक्यात ठेवलेत. उभ्या रेघांचे, ठिपक्यांचे, भोकाचे. माझाही एक परवापासून सापडत नाही. जगात न्याय आहे म्हणायचा.

लोकर पण आहे. चिंध्यांच्या ढिगात जुने स्वेटर पडलेत, कुणी वाली नाही. उसवले की झालं.

शिकवणारं कुणीतरी हवं.

१६ नोव्हेंबर

खिडकीकडच्या खोलीतल्या शिवणबाईंना विचारलं. पूर्वी मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवायच्या. उन्हाळ्यात झटका आला, उजवं अंग गेलं. चाकाच्या खुर्चीत असतात. जीभ मात्र शाबूत. शाबूत काय, परजलेली.

मेट्रनने त्यांना डाव्या हाताने पिळायला रबरी चेंडू दिलाय. व्यायाम. तो रोज दारावर आपटलेला ऐकू येतो. "जन्मभर हाताने वस्तू केल्या, आता हवा पिळू?" असं नर्सला सुनावतात. जेवणसुद्धा भरवून घेतात. डावा हात धडधाकट, पण मांडीवर ठेवून देतात, जसा काही दुसऱ्याचा.

मी घडीचे कपडे कपाटात लावत लावत विषय काढला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण शिकणार? तू? वारा प्यालेलं वासरू?"

म्हणालो, हो बाई, वासरूच शिकणार. त्यांनी हनुवटीने खण दाखवला. आत पत्र्याच्या डब्यात क्रोशाच्या सुया, जाड-बारीक सगळ्या. त्याखाली पांढरी शाल, पिवळ्या काठाची, अर्धवट, सुई अजून टाक्यात अडकलेली. मी उचलणार तोच म्हणाल्या, त्याला हात लावायचा नाही.

पहिला धडा — तळलेलं अंडं. पांढरा गोल, मध्ये पिवळा फुगवटा. म्हणाल्या, सगळ्यात सोपं, आणि मोज्यातून अंडं निघालं की गाढवसुद्धा हसेल.

केलं. दाखवलं.

"उसव."

१८ नोव्हेंबर

उसव.

१९ नोव्हेंबर

उसव. म्हणे हे अंडं नाही, हा अपघात आहे.

२२ नोव्हेंबर

आज एक युक्ती सापडली. त्यांना करून दाखवता येत नाही आणि मला ऐकून कळत नाही. मी चिडून सुई टाकली. मग त्याच म्हणाल्या, इकडे ये, माझ्या उजव्या अंगाला बस. दोरा त्यांनी डाव्या हाताच्या बोटांतून घेतला, सुई माझ्या उजव्या हातात. त्यांचा डावा, माझा उजवा. दोघांत मिळून एक माणूस!

दोरा किती ताणायचा, कधी सोडायचा, ते त्यांच्या बोटांतून माझ्या सुईला कळायला लागलं. साखळी आली. मुका खांब आला. आधी वाटलं मुका म्हणजे कसला, तर साधा बुटका टाका, काही तक्रार न करणारा. गोल सपाट बसला, द्रोणासारखा वर आला नाही.

नर्स औषध घेऊन आली तर तिला म्हणाल्या, माझा उजवा हात जरा धसमुसळा झालाय, पण शिकेल.

आज अंडं उसवलं नाही.

२७ नोव्हेंबर

आता कुणाला काय, हे ठरलं. बाई सांगतात, मी त्यावर कुरघोडी करतो.

बस चालवणाऱ्या आजोबांना डॉक्टरने अंडं बंद केलंय, त्यांना अंडं. कवळी लपवून ठेवणाऱ्या आजीला लोकरीची कवळी, गुलाबी हिरड्यांसकट. चहा रोज गारच आहे म्हणणाऱ्यांना चहाची पुडी, कितीही बुडवा, रंग येणार नाही. टीव्हीवरून भांडणाऱ्या दोघी बहिणींना लोकरीचा रिमोट, बटणं दोनच आणि दोन्ही 'बंद'. निवृत्त हवालदारांना कानाला अडकवायची मिशी. घोरणाऱ्यांना नाकाची बुचं, दोरीने जोडलेली, म्हणजे हरवायला नकोत.

बाईंना काय, ते मी सांगितलं नाही. मलाच माहीत नाही.

झालेलं सगळं एका उशीच्या अभ्र्यात भरून धुलाईघराच्या फळीवर ठेवतो. आचारी येता-जाता विचारतो, विणकर, दुकान कधी उघडतोय? विचारू दे.

३० नोव्हेंबर

वाईट बातमी. मेट्रन नर्सला सांगत होती, मी चादरी मोजत होतो तिथेच. शिवणबाईंना वरच्या मजल्यावर हलवणार. वर्ष संपायच्या आत डॉक्टर तपासायला येतील, तोवर बाई स्वतःच्या हाताने काहीच करत नसतील तर वर.

वरच्या मजल्याचे कपडे मीच धुतो. तिथले सगळे गाऊन एकसारखे, मागून नाडीचे. पडून असतात. भरवतात, पुसतात, कूस बदलतात. वर गेलेलं माणूस खाली आलेलं मी पाहिलं नाही. वरच्या दारांना मोजे अडकवत नाहीत. मी विचारलं होतं का, तर म्हणाले, कुणासाठी?

बाईंना हे माहीत आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, वासरा, तोंड लांब करू नकोस, सुई धर.

२ डिसेंबर

सरळ बोललो. बाई, सुई डाव्या हातात घ्या. चेंडू नको तर नको, सुई घ्या. डॉक्टरला दाखवायला एवढं पुरे.

काय भडकल्या! म्हणाल्या, डाव्या हाताने विणलं की गोल उलटा फिरतो, टाके उलटीकडे कलतात. वर्गात एक डावखुरी मुलगी होती, तिचं काम त्या डोळे मिटून ढिगातून वेगळं काढायच्या. "साठ वर्षं माझा हात एका बाजूने फिरला. आता उलटं, वेडंवाकडं, लहान पोरीसारखं करून त्या डॉक्टरला दाखवू? लोकांनी 'वा वा' म्हणावं म्हणून?"

मग माझंही डोकं फिरलं. म्हणालो, माझ्या वेड्यावाकड्याला तुम्ही वा वा म्हणालात का? उसव म्हणालात. वीस वेळा उसवलं मी. तुमची एकदा उसवायची तयारी नाही.

बाहेर जा म्हणाल्या. गेलो.

४ डिसेंबर

बोलावलं नाही. मी एकट्याने मिशी केली. एक टोक वर, एक खाली. स्वतःलाच म्हणालो, उसव. उसवली.

७ डिसेंबर

आईचा फोन. विचारत होती, तिथे टिकलास ना? की पुन्हा पायाला भिंगरी? म्हणालो, मिशी विणतोय. मग म्हणाली, गोलात टाके वाढवताना सगळे एका जागी वाढवू नकोस, कोपरा येतो.

एवढंच. का, कशासाठी, काही विचारलं नाही. आईची जात!

तिने सांगितलं तसं केलं. कोपरा गेला.

१० डिसेंबर

लिहवत नाही. तरी लिहितो.

खालच्या मजल्यावर पोटाची साथ आली. मेट्रनचा हुकूम, जे जे कापड आहे ते उकळत्या पाण्यात घाला. धुलाईघराचा मुकादम — आम्ही त्याला वाफ म्हणतो, बोलताना सूं सूं करतो म्हणून — तो मागे उभा राहून घाई करत होता. अभ्र्यांचा ढीग आला. मी फळीवरचे अभ्रेही ओढले आणि मशीनमध्ये कोंबले. सगळे. माझ्याच हातांनी.

लोकर उकळली, वर गरम ड्रममध्ये फिरली. अभ्रा उघडला तर आत सुपाऱ्या. कवळी उंदराला बसेल. रिमोट काडेपेटीएवढा. अंडं म्हणजे शर्टाचं बटण. सगळं आकसून टणक, नमद्यासारखं. टाका कुठला दिसतच नाही.

वाफ म्हणाला, धुलाईघरात काम करून लोकर उकळणारा तू पहिलाच. आचारी बघायला आला. हसायला तोंड उघडलं आणि मग मिटून गेला. त्याचंच जास्त लागलं.

११ डिसेंबर

बोलावलं नव्हतं तरी बाईंकडे गेलो. अभ्रा त्यांच्या मांडीवर ओतला. त्यांनी डाव्या हाताने ते आकसलेलं अंडं उचललं, उलटंपालटं केलं, नखाने टाका शोधला.

"हे आता उसवत नाही रे," म्हणाल्या.

नाही म्हणालो. मिळून एक झालंय. म्हणून परत पहिल्यापासून करणार. नाताळाच्या आत करणार. लोकर संपलीय, चिंध्यांत स्वेटर उरला नाही, पण आणीन कुठूनतरी. मशीनमधून केर काढून विणीन, पण मोजे भरीन.

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, खण उघड. ती शाल काढ.

मी काढली. हात लावायचा नाही म्हणाला होतात, म्हणालो. तर म्हणाल्या, दुसऱ्यांसाठी आयुष्यभर विणलं, ही पहिल्यांदा स्वतःसाठी घेतली होती. काठ पुरा व्हायच्या आत झटका आला. सुई जिथे थांबली तिथे थांबली. ती काढवली नाही.

"काढ सुई. उसव."

माझा हात होईना. त्या ओरडल्या नाहीत. डाव्या हाताने त्यांनीच दोऱ्याचं टोक ओढलं. सर्र सर्र ओळीमागून ओळ सुटत गेली. मी शाल धरून उभा, त्या ओढतायत. दोरा जमिनीवर पडून गुंता होणार असं दिसलं तेव्हा त्यांनी काय केलं — आपला उजवा हात, तो मेलेला, आकडा झालेला, डाव्या हाताने उचलून मांडीवर उभा ठेवला आणि त्याच्या वाकड्या बोटांना दोरा गुंडाळायला लागल्या. खुंटीसारखा.

"बघ," म्हणाल्या, "काहीतरी कामाला आला."

१३ डिसेंबर

झपाटल्यासारखं चाललंय. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत, मशीन फिरतंय तोवर. या वर्षी गमती सगळ्या पांढऱ्या-पिवळ्या. मिशी पांढरी, कवळी पिवळी — तशी ती खऱ्याला जास्त धरून आहे. आचाऱ्याने न सांगता माझ्या जेवणाची भांडी घासली. विचारलं तर म्हणे, तुझे हात खरकटे नकोत, लोकर खराब होईल.

सुई आता आपोआप चालते. पाय मात्र हलत नाहीत. दिवसभर एका स्टुलावर! आईला सांगितलं तर खोटं वाटेल.

१५ डिसेंबर

एप्रनच्या खिशातला मोठा चिमटा हरवला. लोखंडी, दातांचा, जाड पडद्यांना लावायचा. वाफने भर धुलाईघरात माझी खरडपट्टी काढली — आधी लोकर उकळली, आता चिमटा खाल्लास का. सगळीकडे शोधला. बाईंच्या खोलीत पण विचारलं. मला काय करायचाय तुझा चिमटा, म्हणाल्या.

पांढऱ्या लोकरीचा एक लहान गुंडा पण कमी दिसतोय. एका मशीनने मोजे खावेत, दुसऱ्याने चिमटे!

१८ डिसेंबर

बाई हल्ली दुपारी दार लावून घेतात. थकलेय म्हणतात. मी टाके दाखवायला गेलो तर आतूनच, नंतर ये. भांडण तर मिटलंय, मग का? जेवायला पण बाहेर येत नाहीत. आचारी ताट आत नेऊन देतो.

मेट्रन म्हणाली, बघितलंस, असंच होतं. आधी दार लागतं, मग माणूस पडून राहतं. वर न्यायची वेळ झालीच.

२१ डिसेंबर

मेट्रनशी भांडलो. नोकरी गेली तर गेली. म्हणालो, बाईंनी मला शिकवलं, सगळा आश्रम हसणार आहे तो त्यांच्या डोक्यातून. अशा माणसाला वर नाडीच्या गाऊनमध्ये टाकणार?

ती रागावली नाही, तेच वाईट. खुर्ची दिली. म्हणाली, डोकं शाबूत आहे हे मला कळतं. पण खाली माणसं कमी आहेत, भरवायला, उचलायला हात पुरत नाहीत. ज्यांची काहीच हालचाल नाही त्यांना वर ठेवण्याचा नियम आहे, तो तिने केलेला नाही. "मला एक गोष्ट दाखव. एकच. जी त्या आपल्या हाताने करतात. मी डॉक्टरांशी बोलते."

दोरा गुंडाळला होता म्हणालो. तिने विचारलं, कुणी पाहिला? मी.

परत बाईंच्या दाराशी गेलो. लावलेलं. दारातूनच सांगितलं, बाई, सत्तावीसला डॉक्टर येतोय, एक घास तरी स्वतः खाऊन दाखवा. आतून उत्तर आलं, वासरा, तुझं काम झालं का? नसेल तर ते कर.

२३ डिसेंबर

झालं. पुरं झालं. प्रत्येक दाराला एक.

शेवटचं बाईंचं. लोकरीचा चेंडू — मुठीत मावेल असा, आत चिंध्या. त्याला मेट्रनचा अंबाडा, मेट्रनचा चष्मा आणि तोंड वाकडं. पिळायचाच तर निदान आवडीने पिळतील.

आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटच्या टाक्यापर्यंत नेलं. आनंद व्हायला हवा होता. होतोयही. डोक्यावर पुन्हा पुन्हा तोच वरचा मजला.

२५ डिसेंबर

सकाळी सगळे विधुर मोजे दारांना. मी चादरींची गाडी ढकलत उगाच मधल्या वाटेत रेंगाळलो.

बसवाल्या आजोबांनी अंडं डोळ्यांशी नेलं, मग जिभेला लावलं, आणि नर्सला सांगितलं की मीठ कमी आहे. हवालदारांनी मिशी लावून आचाऱ्याकडे परवाना मागितला. दोघी बहिणी त्या रिमोटवरूनही भांडल्या. कवळीवाल्या आजींनी स्वतःची खरी कवळी काढून लोकरीची शेजारी ठेवली आणि हसल्या — बिनदातांचं ते हसू बघून मेट्रनसुद्धा भिंतीकडे वळून हसत होती.

बाईंचा मोजा मी स्वतः नेला. चेंडू बाहेर काढून त्यांनी निरखला. अंबाड्यावरून अंगठा फिरवला.

"चष्मा तिरका आहे. उसव." मी हात पुढे केला तर मूठ मिटून घेतली. "राहू दे. ती आहेच तिरकी."

डॉक्टरचं मी काढणार तेवढ्यात म्हणाल्या, जा, चादरी गार होतायत. गार चादरींना कसली घाई! पण हाकललंच.

आईला फोन केला. म्हणालो, पुरं केलं. ती म्हणाली, मग आता सोडून जाशील. म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२६ डिसेंबर

धुलाईघरात माझ्या एप्रनच्या खिळ्याला मोजा लटकतोय. माझाच, तो हरवलेला. आत तळलेलं अंडं. वाकडं, पिवळं एका कडेला घसरलेलं, काठावर माझ्या लोखंडी चिमट्याचे दात उमटलेले, जणू विणताना काम त्यात धरलं होतं. वाटलं आचाऱ्याची चेष्टा. तो म्हणतो, मी फक्त अडकवला, गप्प राहायची शपथ होती.

उजेडात धरून पाहिलं. गोल उलटा फिरलाय.

आधी मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेवतो. मग बाईंच्या हातात देणार आणि एकच शब्द बोलणार — उसवा.